स्टेजएवढं चित्र

पेन आलं तेव्हा मी भाकरी थापत होते. नवऱ्याच्या ऑफिसातला एक मित्र वर्षभर परदेशी राहून परतला होता आणि तो निघण्याआधीच मी त्याला सांगून ठेवलं होतं, की येताना कॉम्प्युटरवर चित्र काढायचं पेन आण. नवऱ्याने खोका ओट्यावर ठेवला. मी तवा उतरवला, पिठाचे हात धुतले आणि आतल्या खोलीत गेले. उरलेल्या भाकऱ्या त्या दिवशी नवऱ्याने केल्या. जाड आणि नकाशासारख्या झाल्या होत्या म्हणे. मी खाल्ल्या, पण मला काही आठवत नाही.

खोक्यात वहीएवढी एक काळी सपाट पाटी होती आणि बिनशाईचं पेन. पाटीवर पेन फिरवलं की रेघ समोर स्क्रीनवर उमटायची. हात खाली, डोळे वर. सुरुवातीला माझा हात आणि माझे डोळे एकमेकांना ओळखच देत नव्हते. डोळ्याची जागा कपाळावर जायची, नाक कानाशी. शेवटी चित्र बाजूला ठेवून मी बालवाडीतल्यासारखी मुळाक्षरं गिरवायला घेतली. 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत, पुन्हा पुन्हा. आणि एका सकाळी अचानक जमलं. पेन हलकं टेकवलं तर केसासारखी रेघ, दाबलं तर बोटाएवढी. तोपर्यंत मी माऊसने चित्रं काढत होते, म्हणजे मूठ आवळून रांगोळी घालावी तसं. आता चिमूट सुटली होती. मी खुर्चीवरून उठले, खोलीत एक फेरी मारली आणि पुन्हा बसले.

आम्ही मूळचे परभणीकडचे. नवरा हिंजवडीच्या एका कंपनीत लागला आणि आम्ही जवळच नांदे गावात एका शेतकऱ्याच्या घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. दोन हजार सहाच्या आसपासची गोष्ट. माझ्याकडे चित्रकला शिकवायचा डिप्लोमा होता आणि शाळांमध्ये जागा नव्हत्या. नवऱ्याने सुटे भाग आणून जुळवलेला कॉम्प्युटर दिवसभर रिकामा असायचा. त्यात मी फुकट मिळणारं एक चित्रांचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं आणि एकेक बटण दाबून बघत गेले. शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून ओरडायलाही कोणी नव्हतं.

जलरंगात एक थेंब चुकीचा पडला की कागद गेला, हे कॉलेजात अंगात भिनलेलं. इथे एक बटण दाबलं की चूक झालीच नव्हती असं व्हायचं. पहिले कित्येक दिवस मी मुद्दाम चुका केल्या, नुसत्या पुसायच्या म्हणून. मग सापडले लेयर. एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक काचा म्हणा. एका काचेवर आभाळ, दुसरीवर डोंगर, तिसरीवर झाड. झाड हलवायचं असेल तर झाडाची काच सरकवा, मागचा डोंगर जिथल्या तिथे. प्रत्येक लेयरच्या नावापुढे एक छोटा डोळा असतो. डोळ्यावर टिचकी मारली की तो लेयर दिसेनासा होतो, परत मारली की हजर. हे कळलं त्या दुपारी मी कुकर लावायला विसरले.

घरमालकांना मी भाऊ म्हणायची, त्यांच्या बायकोला वहिनी. भाऊ भातशेती करायचे, आणि गावच्या नाट्य मंडळाचे सर्वेसर्वा होते. चैत्रातल्या जत्रेला मंडळाचं नाटक व्हायचं. एके दिवशी ते वर पाण्याची टाकी बघायला आले. दार उघडं होतं आणि मी भाताचं खाचर रंगवत होते. त्याच आठवड्यात मला स्वतःचा ब्रश बनवायची युक्ती सापडली होती. भाताचा एकच चुडा, म्हणजे रोपांचा झुबका, नीट काढायचा, त्याचाच ब्रश करायचा, आणि सॉफ्टवेअरला सांगायचं, की टेकवशील तिथे थोडा लहान-मोठा कर, थोडा कलता ठेव, थोडा फिक्का-गडद कर. आधी मी हे सांगायला विसरले तर शेत भिंतीवरच्या कागदासारखं दिसलं होतं. आता पेन फिरवत होते तिथे भात उगवत होतं, आणि वारा सुटल्यासारखं एका बाजूला झुकतही होतं.

भाऊ दारात उभे राहिले ते उभेच.

"ताई, हे मोटं हुतंय का?"

"होतं की. किती मोठं?"

"स्टेजएवढं."

"होईल," मी म्हणाले. कसं, ते मला अजिबात माहीत नव्हतं.

ते खाली गेल्यावर वहिनींकडून कळलं. मंडळाचे पडदे पुण्याहून भाड्याने यायचे. राजवाडा, रस्ता आणि जंगल, एवढे तीनच. या वर्षीच्या नाटकात मात्र शेत हवं होतं. गावातल्याच एका मास्तरांनी ते लिहिलं होतं. तरुणपणी फौजेत गेलेला माणूस बऱ्याच वर्षांनी गावात परत येतो, अशी गोष्ट.

"ह्यांनी सांगितलं सगळ्यांना," वहिनी म्हणाल्या. "आपल्या ताई पडदा करतायत म्हून."

आता मागे फिरायचा प्रश्नच नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला फिरायचंही नव्हतं. भाऊंनी स्टेज मोजून दिलं, वीस फूट बाय बारा. मी पुस्तकात छापायच्या चित्रासाठी जेवढे बारीक ठिपके लागतात, तेवढ्याच बारकाईने वीस फुटांचं कोरं पान उघडायला गेले. कॉम्प्युटरने बराच वेळ विचार केला आणि नकार दिला. थोडं कमी केलं, पुन्हा नकार. आणखी कमी केलं तेव्हा पान उघडलं, पण एक रेघ मारली की ती उमटेपर्यंत चहा होऊन जायचा. आणि ठिपके फार कमी केले तर चित्र फुटून नुसते चौकोन दिसतात, हे मला पक्कं ठाऊक होतं.

उत्तर पिरंगुटच्या चौकात मिळालं. भाजी घ्यायला गेले होते. तिथे कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा भला मोठा फ्लेक्स लावलेला. रस्त्यापलीकडून मिशीचा केस न् केस दिसत होता. मी जवळ गेले. आणखी जवळ गेले. शेवटी मिशीला नाक लागेल इतकी जवळ जाऊन बघितलं, तर मिशी गायब. नुसते मसुरीच्या डाळीएवढे ठिपके, निळे, गुलाबी, पिवळे, काळे. मागे सरकले, मिशी परत आली. पुढे गेले, गेली. दोन-तीनदा तसं केल्यावर शेजारच्या पानवाल्याने विचारलं, "मॅडम, वळकीचे हायेत का?" मी मान हलवली आणि एसटी पकडायला जवळजवळ पळतच गेले.

नाटक कुणी नाक लावून बघत नाही. पहिली रांगसुद्धा दहा-बारा फुटांवर. घरी येऊन मी ठिपके पुस्तकाच्या मानाने पार आठव्या हिश्श्यावर आणले आणि पान उघडलं. पेन चालायला लागलं. सगळे लेयर एकदम उघडे ठेवले तर मशीन अजूनही गुदमरायचं, म्हणून मी त्यांची वाटणी केली. एका फाईलमध्ये आभाळ आणि डोंगर, दुसरीत खाचरं, तिसरीत झाडं, आणि शेवटी सगळं एकत्र.

चित्र आमच्या गच्चीवरूनच घेतलं होतं. एका कोपऱ्यात उभं राहिलं की पुढे शेतं, मागे डोंगराची लांबलचक पाठ आणि पायथ्याशी कंपन्यांच्या काचेच्या इमारती, त्यांच्या शेजारी उभ्या राहत असलेल्या आणखी चार आणि क्रेन. मी जसं दिसत होतं तसं सगळं काढलं. फक्त इमारती वेगळ्या लेयरवर ठेवल्या, कारण काच रंगवायला वेगळा हात लागतो.

एका दुपारी वीज गेली. तेव्हा भारनियमन रोजचं होतं, पण त्या दिवशी वेळेआधी गेली आणि मी भाताच्या तंद्रीत सकाळपासून फाईल सेव्ह केली नव्हती. पुढची सगळी खाचरं गेली. मी खाली जाऊन वहिनींबरोबर शेंगा फोडत बसले. वहिनींनी माझ्यापुढे आणखी शेंगा ओतल्या. वीज आल्यावर पुन्हा बसले तेव्हा एक मजा झाली. हाताला सगळं पाठ झालेलं होतं, आणि दुसऱ्यांदा काढलेली खाचरं पहिल्यापेक्षा मोकळी आली. तेव्हापासून दर थोड्या वेळाने डाव्या हाताची दोन बोटं आपोआप सेव्हच्या बटणांवर जातात. आजही जातात.

मग हिरव्याची भानगड निघाली. स्क्रीनवर भात लखलखत होतं, पण फ्लेक्सच्या दुकानातून नमुन्याचा तुकडा छापून आणला तर त्याचा रंग शिळ्या पालकासारखा. स्क्रीन उजेडाने रंगते आणि छपाई शाईने, हे वाचलेलं होतं, पण एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. मी एका पट्टीवर हिरव्याच्या छटांचे चौकोन मांडले, पोपटीपासून पार निळसरपर्यंत, आणि ती पट्टी छापून आणली. भाऊंच्या कांद्याच्या अंधाऱ्या खोलीत भर दुपारी नाटकाचा पिवळा हॅलोजन लावून आम्ही दोघं ती बघत बसलो. स्क्रीनवर सुंदर दिसणारा प्रत्येक हिरवा त्या उजेडात आजारी दिसत होता. आणि जो चौकोन मी उगाच भर म्हणून टाकला होता, जवळजवळ निळा, तोच खराखुरा भाद्रपदातल्या भातासारखा दिसला.

"ह्यो," भाऊ म्हणाले.

"हाच," मी म्हणाले. त्या खोलीत कांद्याचा वास इतका होता, की दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

वर येऊन मी सगळ्या चित्रावर एकच नवा लेयर चढवला, पातळ निळा, आणि अख्खं शेत एका झटक्यात त्या चौकोनाच्या रंगात गेलं. एकही पात पुन्हा रंगवावी लागली नाही. कॉलेजातल्या सरांना हे दाखवायला हवं होतं, असं फार वाटलं.

छपाईआधी मंडळ चित्र बघायला आलं. रविवारची सकाळ होती. आमच्या आतल्या खोलीत पलंगावर, खिडकीत, दारात माणसंच माणसं. नवरा सगळ्यांना पाणी देत होता. फौजीचं काम करणारे गृहस्थ पुढे खुर्चीवर बसले होते. एसटीत कंडक्टर होते, निवृत्तीला आलेले. मग त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं, काचेच्या इमारतीच्या मधोमध.

"हितं माजं रान व्हतं."

मागून कुणीतरी म्हणालं, "इमारती नकोच. नाटकातला माणूस फौजंत जातुया तवा कुटं व्हत्या?"

मी इमारतींच्या लेयरच्या डोळ्यावर टिचकी मारली. इमारती गेल्या. खाली मी आधीच रंगवून ठेवलेली जमीन होती, डोंगराच्या पायथ्यापर्यंत मोकळी. पलंगावरची माणसं पुढे झुकली.

"परत आणा," दुसरे एक जण म्हणाले. टिचकी मारली, इमारती आल्या.

"काडा." गेल्या.

"आता आणा." आल्या.

यावर दोन तट पडले. एकांचं म्हणणं, जुनं गाव दाखवायचं तर इमारती नकोत. दुसऱ्यांचं, गाव जसं हाय तसं दाखवा, लपवायचं कशाला. मी डोळा उघडत-मिटत बसले होते. भाऊ आवाज चढवून सगळ्यांना गप्प करत होते आणि कुणीच गप्प होत नव्हतं. तेवढ्यात वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या. त्यांनी दारातूनच स्क्रीन बघितला, एकदा इमारतींसकट, एकदा इमारतींशिवाय.

"पयल्या अंकात न्हाई, दुसऱ्या अंकात हाय," त्या म्हणाल्या. "एवढं काय त्यात. कप घ्या."

माझ्या फाईलमध्ये एक नाही, दोन चित्रं होती, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फौजी निघतो तेव्हा नुसतं भात. तो परत येतो तेव्हा तीच जागा, तोच डोंगर, आणि मध्ये हे सगळं.

"डोंगूर तोच ठिवा, ताई," कंडक्टर म्हणाले. "जरा बी हलवू नका. न्हाईतर लोकास्नी वाटंल, फौजी दुसऱ्याच गावात उतरला."

सगळे हसले. चहा झाल्यावर बाकीचे उतरून गेले, ते मागे थांबले.

"पयल्या पडद्यात तितं एक हीर काडता येईल का? दगडी. शेजारी जांभूळ व्हतं."

"सांगा कशी होती," मी म्हणाले आणि नवा लेयर उघडला. ते सांगत गेले, मी काढत गेले. काठ थोडा खचलेला. मोटेचा दगड एका बाजूला कललेला. जांभूळ विहिरीवर वाकलेलं, म्हणून पाण्यात नेहमी पानं. झाड डावीकडे काढलं तर त्यांनी हाताने उजवीकडे खूण केली आणि मी अख्खं झाड उचलून उजवीकडे ठेवलं. त्यांना त्याचं नवल वाटलं नाही. जणू झाड चुकीच्या जागी होतं आणि ते हलवणं साहजिकच होतं. विहीर झाल्यावर त्यांनी ती नीट बघितली. "व्हय," म्हणाले, चपला घातल्या आणि गेले.

पुढचे दिवस मी पळत होते. दुसऱ्या चित्रात विहिरीचा, जांभळाचा आणि मधल्या खाचरांचा लेयर मिटवला, इमारतींचा उघडला, क्रेन ठळक केल्या, कंपाउंडची भिंत रंगवली, भिंतीबाहेर पाण्याचे टँकर उभे केले. डोंगराला हात लावला नाही. उन्हाचा एक पिवळट लेयर चढवला तसं सगळं वैशाखासारखं कोरडं झालं. छापायचं मशीन दहा फुटांपेक्षा रुंद छापू शकत नव्हतं, म्हणून चित्र आडवे दोन तुकडे करून छापायचं आणि गरम करून जोडायचं ठरलं. तो जोड कुठे येणार हे मोजून मी तिथे शेताचा बांध आणला. दुकानात छपाई सुरू झाली तेव्हा मी समोरच उभी होते. मशीनचं डोकं इकडून तिकडे धावत होतं आणि प्रत्येक फेरीला बोटभर आभाळ बाहेर येत होतं. नवरा म्हणाला, "बस ना जरा." मला बसवेना.

नाटक त्या वर्षी दिवेलागणीलाच सुरू केलं, कारण गावातल्या निम्म्या पोरांना सकाळची शिफ्ट होती. पडदे चढवले तेव्हा एक घोटाळा झाला. फ्लेक्स चकाकत होता. दिवे लावले की डोंगरावर पांढरा डाग. भाऊंनी दोन-चार जणांना हाताशी घेऊन पडद्याची खालची नळी मागे ओढून बांधली. पडदा वरून किंचित पुढे कलला आणि डाग खाली स्टेजच्या फळ्यांवर उतरून गेला.

पहिल्या अंकात लोकांनी पडदा ओळखला. बायकांच्या बाजूला कुजबुज झाली, 'हीर, हीर' असं काहीतरी ऐकू आलं. कंडक्टर फौजीच्या तरुणपणीचं काम छान करत होते. आईच्या पाया पडून ते निघाले. अंक संपला.

मधल्या वेळेत पडदा बदलला. दुसरा अंक उघडला तेव्हा स्टेजवर कुणीच नव्हतं, नुसतं चित्र. क्षणभर मला वाटलं, कुणाला कळलंच नाही. मग पुढच्या रांगेतल्या एका बाईने डावीकडे मान वळवली. तिच्या शेजारणीने वळवली. एकेक करत सगळं मैदान डावीकडे बघायला लागलं. तिथे, देवळाच्या मैदानाच्या पलीकडे, खऱ्या इमारतींमध्ये दिवे लागले होते. लोकांनी तिकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, पुन्हा तिकडे बघितलं.

त्याच वेळी फौजी खांद्यावर ट्रंक घेऊन आत आला. त्याचं पहिलं वाक्य आईला हाक मारायचं होतं. ते त्याने म्हटलं नाही. तो चित्राकडे तोंड करून उभा राहिला, म्हणजे प्रेक्षकांकडे पाठ करून, जे करायचं नसतं असं भाऊ तालमीत रोज बजावत होते. त्याने ट्रंक खाली ठेवली आणि जिथे आधी विहीर होती त्या जागेपाशी गेला. अगदी अचूक तिथेच. हात लावला नाही, नुसता उभा राहिला. विंगेतून भाऊ वाक्य सांगत होते. त्याने ऐकलं नसावं, किंवा ऐकून सोडून दिलं. मग तो वळला आणि अगदी नेहमीच्या आवाजात त्याने आईला हाक मारली.

मी वहिनींशेजारी सतरंजीवर बसले होते. वहिनींनी माझा हात धरला तो अंक संपेपर्यंत सोडला नाही. लाज वाटते सांगायला, पण त्या वेळी मनात एकच विचार चालला होता. जांभूळ एकदम नाहीसं न करता हळूहळू फिक्कं करत नेलं असतं तर? तीन पडदे? चार?

जत्रा उतरल्यावर आठवड्याने कोळवणहून एक जीप आली. तिकडच्या मंडळाचे चार जण उतरले. पैकी एकाने नाटक बघितलं होतं. त्यांच्या नाटकात धरणाचं पाणी चढत जातं आणि गाव हळूहळू बुडतं. तसं काही दाखवता येईल का, असं त्यांनी जरा संकोचून विचारलं. भाऊंनी त्यांना ओट्यावर बसवलं आणि वहिनींनी चहा ठेवला.

"पाण्याचा वेगळा लेयर करावा लागेल," मी म्हणाले. कुणालाच काही कळलं नसावं, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा गाळेपर्यंत मी वर जाऊन कॉम्प्युटर चालू केला होता.